उजव्या पानावर मी लिहिलं

शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून पुस्तकांना कव्हरं घातली. जेवणं झाली होती, ताटं तशीच सिंकमध्ये होती. ही जमिनीवर पाय पसरून खाकी कागद कापत होती आणि मी खुर्चीवर बसून दुमडत होतो. तिच्या रविवारच्या वर्गाची पुस्तकं. मुलं हाताळतात, कोपरे झिजतात, म्हणून दर चार-सहा महिन्यांनी हे काम निघायचं.

"अहो, ते पुस्तक आहे, जहाज नाही. हळू."

"कागद पातळ आणलायस."

"कागद नेहमीचाच आहे. हात जाड आहेत."

मी तीस वर्षं कलकत्त्यात गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होतो. हात जाडच असणार. मी अंगठ्याच्या नखाने घडी दाबत राहिलो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "उद्या येईल का हो ती?"

ती म्हणजे वर्गातली एक अकरा वर्षांची मुलगी. चार रविवार आली नव्हती.

"मला काय माहीत."

"तिच्या वहीत मी काय लिहायला सांगितलं होतं तुम्हाला? आठवा ना जरा."

"अकरा वह्या होत्या. मी काय पाठ केल्यात?"

"मीच काहीतरी लागेल असं विचारलं असणार. डोळ्यात औषध, डोकं जड. बोलून गेले असेन." कात्री तिने खाली ठेवली. "उद्या नाही आली तर वर्ग झाल्यावर आपण दोघं जाऊ तिच्याकडे. वही बघितली की कळेल मला."

"जाऊ," मी म्हणालो.

चौदा पुस्तकं झाली. मग तिने कपटे गोळा केले, मी डिंकाची बाटली बंद केली. आमचं दोघांचं मिळून केलेलं शेवटचं काम ते. मला तेव्हा वाटलं होतं की चहा घेताना सांगून टाकावं. उद्या वही उघडली की कळणारच आहे, त्यापेक्षा आज आपल्या तोंडाने. चहा झाला. मी म्हणालो, साखर कमी आहे.

आता मुळापासून सांगतो.

मी सातवी शिकलो. मिरजेकडचा. ही दहावी झालेली, वर बालवाडीचं ट्रेनिंग केलेली, गावातल्या बालवाडीत दोन वर्षं शिकवत होती. माझ्यापेक्षा तिचं शिक्षण जास्त, पण माझी पक्की नोकरी होती, तेवढ्यावर जमलं. लग्न झालं आणि मी तिला कलकत्त्याला घेऊन आलो. तिची बालवाडी सुटली. त्यावर आमचं कधी भांडण झालं नाही. भांडायला बोलावं लागतं. मी "चल" म्हणालो, ती आली.

इथे आपली माणसं कमी. बँकेतले, केंद्र सरकारातले साहेब लोक बदलीवर येतात, तीन वर्षांनी जातात. आता कंपन्यांतली तरुण जोडपी आहेत. त्यांची मुलं घरात मराठी ऐकतात, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी नाही तर बंगाली. एका गणपतीत कुणीतरी हिला म्हणालं, काकू, मुलांना जरा मराठी वाचायला शिकवा. झालं. मी रिटायर होऊन आम्ही बेहालाला दोन खोल्या घेतल्या होत्या, त्यातल्या पुढच्या खोलीत सतरंजी पडली. दर रविवारी दहा ते साडेअकरा. पैसे घ्यायची नाही. मुलांना चिवडा मात्र द्यायची, तो मला आणावा लागायचा.

मला वाटलं होतं बाराखडी, पाढे, श्लोक होतील. हिचं भलतंच. एक पुस्तक घ्यायचं, सगळ्यांनी आळीपाळीने वाचायचं, मग पुस्तक मिटून दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग विचारायची, "काय वाटलं?" आणि जो काही म्हणेल त्याला पुढचा प्रश्न, "कशावरून? बोट ठेव." म्हणजे पुस्तक उघडून, ज्या ओळीवरून तसं वाटलं त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं.

मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि सगळं ऐकायचो. त्या कुंभाराच्या गाढवाच्या गोष्टीचा रविवार मला चांगला आठवतो. गोष्ट एवढीच, की गाढव एक दिवस कुंभाराला सोडून नदीपलीकडे जातं, दिवसभर गवत खातं, आणि संध्याकाळी परत येतं. कुंभार त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. संपली.

एक मुलगा म्हणाला, "गाढव मूर्ख होतं, आजी."

"कशावरून?"

"गाढव असतंच मूर्ख."

"बोट ठेव."

"लिहिलं नाहीये. पण सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे ते या गाढवाला लागू आहे का, ते बघ आधी."

दुसरा म्हणाला, "मूर्ख कसं? नदी क्रॉस करून गेलं. रस्ता लक्षात ठेवला. मला बेहाला चौरास्ता पण लक्षात राहत नाही."

सगळी हसली. मला राहवलं नाही. मी आतून ओरडलो, "गाढव ते गाढवच!"

ही म्हणाली, "आतल्या विद्यार्थ्यांनी हात वर करून बोलावं."

आणखी हशा. एक पोरटं पडद्यातून डोकं घालून मला विचारतं, "आजोबा, तुम्ही पुस्तक वाचलं का?"

"वाचायचं काय त्यात?"

"मग तुम्ही बोट कुठे ठेवणार?"

मी वर्तमानपत्र उंच धरलं.

दुपारी जेवताना मी हिला म्हणालो, "हा काय गोंधळ चालवलायस? प्रत्येकाचं वेगळं उत्तर, आणि तू सगळ्यांना हो म्हणतेस."

"मी कुणालाच हो म्हणत नाही. दाखवा म्हणते."

"शेवटी बरोबर काय ते सांगायला नको?"

"सांगितलं की वाचायचं थांबतात."

मला ते पटायचं नाही. माझा जन्म वेल्डिंगमध्ये गेला. सांधा एक तर पाणी अडवतो नाही तर गळतो. इन्स्पेक्टर येतो, जिथे कच्चं आहे तिथे खडूने गोल करतो, आपण ते तोडून पुन्हा करतो. मधलं काही नाही. आणि मधलं काही ठेवलं तर माणसं बुडतात.

त्या मुलांना घरी न्यायला एकेक वही दिलेली होती. डावं पान मुलाचं. गोष्ट वाचून जे वाटलं ते त्यावर लिहायचं, चुकीचं लिहिलं तरी चालेल. उजवं पान हिचं. त्यावर ही फक्त एक प्रश्न लिहायची. मार्क नाहीत, शेरा नाही, "छान" सुद्धा नाही. एक प्रश्न. पुढच्या रविवारी मूल त्याचं उत्तर लिहून आणायचं.

ती मुलगी वर्गात बोलायची नाही. वडील बँकेत, तीन गावं फिरून इथे आलेले. पहिले चार-पाच महिने तिने डाव्या पानावर एवढंच लिहिलं, "मला गोष्ट आवडला." दर वेळी तेच. ही दर वेळी नवा प्रश्न लिहायची. कुठल्या ओळीला थांबलीस? कुठलं चित्र तुला नको होतं? मुलगी खाली एक शब्द लिहायची, नाही तर काहीच नाही. मी म्हणायचो, दगडावर पाणी. ही म्हणायची, "ती वाचते हो. पान उलटायच्या आधी मागचं पुन्हा बघते. मी पाहिलंय."

पाचव्या की सहाव्या महिन्यात तिने चार ओळी लिहिल्या. ही वही घेऊन स्वयंपाकघरात आली, तवा तापलेला. "चार ओळी! बघा!" मी म्हणालो, "पोळी करपेल."

त्याच सुमाराला हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस वाचायचं नाही, डोळ्यांना ताण नको. ऑपरेशन सोमवारी, आणि रविवारी मुलांनी गाढवाच्या गोष्टीवर लिहिलेल्या वह्या जमा झालेल्या. अकरा वह्या. मी म्हणालो, ठेव बाजूला. ती ऐकेना. "मुलांनी लिहिलंय, त्यांना पुढच्या रविवारी काहीतरी मिळायला नको? तुम्ही वाचा, मी ऐकते, मी सांगेन ते उजव्या पानावर लिहा."

म्हणून मी वाचायला बसलो. ती पलंगावर, डोळ्यावर झाकण. मी अडखळत वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो. एकाने लिहिलं होतं, गाढव लकी आहे कारण त्याला शाळा नाही. ही हसली आणि म्हणाली, "लिहा. गाढवाला दिवसभर काय काय करावं लागतं ते चौथ्या पानावर मोज. मग सांग, बदली करशील का?" दुसऱ्याने लिहिलं होतं, कुंभार चांगला माणूस आहे. तिने सांगितलं, "कुंभार चांगला आहे हे गाढवाने सांगितलं की तू?"

"हा प्रश्न झाला?" मी विचारलं.

"झाला की."

"यात सहा चुका आहेत लिहिण्याच्या. त्या सुधारू?"

"आज नको. आधी त्याला वाटू दे की आपलं म्हणणं कुणीतरी ऐकतंय. शुद्धलेखन काही पळून जात नाही."

तीन दिवसांत दहा वह्या झाल्या. खरं सांगायचं तर मला गोडी लागली होती. पण ते मी तिला कळू दिलं नाही. पाहिलंत ना, मलाही हात वर करून बोलायची सवय नव्हती. मला जन्मात कुणी "तुला काय वाटलं" असं विचारलेलं नव्हतं. शाळेत मनाने उत्तर दिलं की छडी. कारखान्यात मनाने केलं की मेमो.

अकरावी वही त्या मुलीची. बुधवारी दुपारी मी ती उघडली आणि बघतो तर हिला झोप लागलेली. उठवायला हवं होतं. नाही तर थांबायला हवं होतं, एक तासाने उठली असती. मी म्हटलं, आपण वाचून ठेवू.

पान भरलेलं होतं. वरपासून खालपर्यंत. मला ते आता पाठ आहे, तिच्या शब्दांत सांगतो.

"सगळे म्हणतात गाढवाला घरी येऊन आनंद झाला. मी शोधलं. पुस्तकात लिहिला नाही. कुंभारने हात फिरवला ते लिहिलं आहे. मग गाढवने काय केलं ते लिहिलं नाही. चित्रात गाढवचा डोळा दिसत नाही, तो भिंतकडे बघतो. मला वाटतं तो परत आला कारण त्याला दुसरा घर माहीत नाही. आम्ही तीन गाव बदललं. बाबा म्हणतात आपण जिथे असतो ते घर. आई हो म्हणते. मला वाटतं गाढवाला कोणी विचारलंच नाही."

मी शेवटच्या ओळीपाशी थांबलो. पलंगाकडे बघितलं. ही झोपलेली होती, तोंड भिंतीकडे.

मला राग आला. कसला, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, पोरगी आगाऊ आहे. कुंभाराने पोसलं, खायला घातलं, त्याचं काही नाही? आज मला माहीत आहे तो राग कुठला होता. पण आज माहीत असून उपयोग काय.

टेबलावर लाल पेन होतं. मी तिच्या शेवटच्या ओळीला गोल केला. कच्च्या सांध्याला करतात तसा. आणि उजव्या पानावर लिहिलं: "चूक. कुंभाराने गाढवाला सांभाळले. उपकार विसरू नये. व्याकरण घाण. दहापैकी तीन."

मार्क सुद्धा दिले मी. त्या वहीत कधी कुणी मार्क दिले नव्हते.

ही उठली. "राहिलीय का हो एखादी?"

"नाही. झाल्या सगळ्या."

"तिची?"

"तीही झाली. तूच सांगितलंस की, झोपेत होतीस अर्धी."

ती "अच्छा" म्हणाली आणि डोळ्यात थेंब घालायला मान वर केली. थेंब मीच घातले.

रविवारी काळा चष्मा लावून तिने वर्ग घेतला. वह्या मी वाटल्या. त्या मुलीने वही घेतली, कोपऱ्यात गेली, घाईघाईने उघडली. उजवं पान बघितलं. वही मिटली, दप्तरात घातली, दप्तराची चेन लावली. मग साडेअकरापर्यंत पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून बसली. चिवडा घेतला नाही. तिचा चेहरा मी बघितला, हिला दिसला नाही. त्या दिवशी आमच्या दोघांत धड डोळे माझेच होते.

त्यानंतर ती आली नाही.

हिने पहिल्या रविवारी फोन केला. आई म्हणाली, परीक्षा आहे काकू. दुसऱ्या रविवारी म्हणाली, सर्दी आहे. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "काय झालंय कळत नाही हो, नकोच म्हणते. वही पण दाखवत नाही मला." हिने फोन ठेवला. "मी असं काय विचारलं?" मला नव्हे, स्वतःलाच विचारत होती. "एवढी मोकळी व्हायला लागली होती. मी घाई केली."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. एक वाक्य लागलं असतं. "तू नाही, मी." मराठीत तीन शब्द. सातवी शिकलेला माणूस सुद्धा बोलू शकतो.

मी म्हणालो, "आजकालची पोरं अशीच. फार मनावर घेऊ नकोस."

तर शनिवारी संध्याकाळी, कव्हरं घालून झाल्यावर, चहानंतर, ती ताटं घासायला उठली आणि म्हणाली छातीत दुखतंय. मग म्हणाली पित्त असेल. मग खाली बसली. वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकीमांच्या मुलाने टॅक्सी आणली. नर्सिंग होम जवळच होतं. साडेसातला डॉक्टर बाहेर आले आणि हिंदीत बोलले.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहिली नाही तर बाकीचं लिहून काही उपयोग नाही. डॉक्टर बोलले तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते रडू नव्हतं. मनात आलं, आता उद्या जायला नको तिच्याकडे. आता वही कुणी बघणार नाही. सुटलो. क्षणभरच आलं. मग तिथल्या बाकावर बसलो, लोकांनी पाणी दिलं. लोकांना वाटलं धक्का बसला. धक्का मला माझा बसला होता.

तिला घरी आणलं, पुढच्या खोलीत ठेवलं. बर्फ आणला. आमचा मुलगा पुण्याला, त्याला सकाळचं विमान मिळालं, अकरापर्यंत पोचणार होता. बेहालातल्या एका मराठी गृहस्थांनी वर्गातल्या सगळ्यांना फोन करून कळवलं, उद्या मुलांना पाठवू नका. त्या मुलीच्या घरी त्यांनी फोन केला नाही. ती आता वर्गात नाही असं त्यांना वाटलं.

सकाळी आठ वाजता मी चपला घातल्या.

काकीमा हिच्याजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, कोथाय?" कुठे निघालात म्हणून. त्या मराठी गृहस्थांनी तर हातच धरला. "काका, असं सोडून जायचं नसतं. काय आणायचंय ते आम्ही आणतो."

"हे तुम्हाला आणता यायचं नाही," मी म्हणालो. "तासाभरात येतो."

मागून कुणीतरी हळू म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. म्हणू दे.

ऑटोने टॉलीगंजला गेलो. तिसरा मजला, लिफ्ट होती, मी जिन्याने चढलो. बेल वाजवली. आईने दार उघडलं.

"अगंबाई, काका! या ना आत. काकू नाही आल्या?"

"ती काल संध्याकाळी गेली. मी आत येत नाही, सुतक आहे. पोरीला बोलाव."

ती बाई दाराला टेकली. तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून हात लावला. आतून वडील आले, त्यांनी काय कसं विचारलं, मी सांगितलं. मग मुलगी आली. नाइट सूट, केस विंचरलेले नाहीत. आईवडिलांच्या चेहऱ्यांकडे बघून तिला कळलं होतं की नाही कोण जाणे. ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर.

मी म्हणालो, "तुझ्या वहीत जे लाल पेनने आहे, ते मी लिहिलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्यांच्या वहीत तुमचंच अक्षर होतं. आजी सांगायची, तुम्ही लिहायचे."

"तुझ्या वहीतलं आजीने सांगितलेलं नाही. ते माझं आहे. शब्द पण माझे, मार्क पण माझे. तिला यातलं काही माहीत नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलं फार वेळ बघतात.

"मग आजीने काय लिहायला सांगितली होती?"

मला वाटलं होतं इथपर्यंत बोललो की झालं. हा प्रश्न मी धरलाच नव्हता.

"काही नाही. ती झोपली होती. तुझं पान मी तिला वाचून दाखवलंच नाही."

"म्हणजे आजीने ऐकलाच नाही?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं. मार्कांचं तिला तेवढं नव्हतं हो. ते तिने महिनाभर गिळलं होतं. पण आपण पानभर लिहिलं आणि ज्या माणसासाठी लिहिलं त्याने ते ऐकलंच नाही, हे तिला सोसेना. ती आत पळाली. आई म्हणाली, "काका, लहान आहे, तुम्ही बसा, पाणी तरी..." मी नको म्हणालो. मी जिन्याकडे वळलो.

दोन पायऱ्या उतरलो असेन. मागून ती आली, अनवाणी. हातात वही.

"आजी अजून घरी आहे?"

"आहे. अकरापर्यंत."

तिने वही पुढे केली. मी हात पुढे केला नाही, सुतकात शिवायचं नसतं मुलांना. तिने ती वरच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "मग तुम्ही वाचा तिला. लाल वाचू नका. माझा पान वाचा."

आई मागून म्हणाली, "अगं, असं काय बोलतेस!" पण मी वही उचलली होती.

परत आलो तेव्हा पावणेदहा झाले होते. खोलीत आणखी माणसं आली होती. सतरंजी तीच, वर्गाची. मी हिच्या उशाशी बसलो, चष्मा लावला, वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागलो. आधी सगळे बोलत होते, मग गप्प झाले. काकीमांना मराठी येत नाही. त्यांना वाटलं मी आमचं काही स्तोत्र म्हणतोय. त्यांनी हात जोडले, पदर डोक्यावर घेतला. त्यांचं बघून शेजारच्या दोन बायकांनी पण हात जोडले. मी गाढवाचं वाचत होतो, कुंभाराने हात फिरवला ते, चित्रातला डोळा दिसत नाही ते. मराठी गृहस्थ माझ्याकडे आणि मग खाली जमिनीकडे बघायला लागले.

मी अडखळलो. जोडाक्षरांना नाही. तीन गावांचं वाचलं, बाबा म्हणतात ते वाचलं, आई हो म्हणते ते वाचलं. आणि शेवटची ओळ, जिला मी गोल केला होता, ती मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो आणि वही मिटली.

काकीमांनी नमस्कार केला. वाटलं, झालं.

हिचं तोंड वरच्या बाजूला होतं. डोळ्यांवर तुळशीची पानं ठेवली होती कुणीतरी.

स्वतःला म्हटलं, हरामखोरा, आज सुद्धा? मी वही पुन्हा उघडली. पान शोधलं. लाल गोलाच्या आतली ती ओळ, एकेक शब्द सुटा करून, तिच्या कानाशी वाकून पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी, वाचली.